रत्नागिरी ते लंडन: ७,४२० किलोमीटर, आणि त्यातले पहिले अडीचशे

नेटवर रत्नागिरी-लंडन अंतर शोधलं तर ७,४२० किलोमीटरच्या आसपासचा आकडा येतो. मुंबई-लंडन शोधलं तर ७,२१० च्या आसपास. फरक जेमतेम दोनशे किलोमीटरचा. पण रत्नागिरीहून सहारच्या विमानतळावर पोचायला गाडीने सात-आठ तास जातात आणि तिथून लंडनला पोचायला पावणेदहा. आकडे दोन्ही बरोबर आहेत. ते जे मोजतात ते आपल्याला हवं असतं असं मात्र नाही. प्रवासाची वेळ ठरवायला त्यांच्यावर विसंबून निघालेल्यांची फजिती बहुतेक वेळा विमानात होत नाही, ती अलीकडेच कुठेतरी होते, माणगाव ते पनवेलच्या पट्ट्यात.

आधी तो आकडा येतो कुठून ते बघू, कारण तो घरच्या घरी काढता येतो.

विमानाचं अंतर म्हणजे पृथ्वीच्या गोलावरून दोन ठिकाणांमधली सर्वांत जवळची वाट, भूगोलाच्या पुस्तकातलं बृहद्वृत्त. शाळेतला ३० सेंटिमीटर व्यासाचा पृथ्वीगोल घ्या, मुंबईवर दोऱ्याचं टोक अंगठ्याने दाबून धरा आणि दोरा ताणून लंडनवर टेकवा. दोरा साधारण १७ सेंटिमीटर भरेल. या गोलावर एक सेंटिमीटर म्हणजे सुमारे ४२५ किलोमीटर, म्हणजे झाले ७,२०० च्या वर. आता दोरा कुठून गेला ते बघा. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवली असती तर ती इराणच्या आखाताच्या बाजूने, इराक आणि तुर्कस्तानावरून गेली असती. दोरा तसा जात नाही. तो मुंबई सोडल्यावर वायव्येला वर चढतो, जवळजवळ कराचीच्या डोक्यावरून जातो, मग इराण, कॅस्पियन समुद्राचं दक्षिण टोक, अझरबैजान, जॉर्जिया, काळ्या समुद्राचा ईशान्य काठ, क्रिमिया, युक्रेन, पोलंड, जर्मनी आणि मग लंडन. ही नावं लक्षात ठेवा, पुढे त्यातल्या एकेका नावाचा हिशोब लागणार आहे.

दोऱ्यापेक्षा नेमकं हवं असेल तर सायंटिफिक कॅल्क्युलेटर पुरे. मुंबई विमानतळ १९.०९ उत्तर, ७२.८७ पूर्व. हीथ्रो ५१.४७ उत्तर, ०.४५ पश्चिम. दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करा: ०.२५५९. दोन्हींच्या कोसाइनचा गुणाकार करून त्याला रेखांशांतल्या फरकाच्या कोसाइनने गुणा: ०.१६९०. बेरीज ०.४२४९. याचा उलटा कोसाइन काढला की ६४.८६ अंश येतात. एक अंश म्हणजे १११.२ किलोमीटर, म्हणून ७,२१२.

यात तीन ठिकाणी गडबड होते. कॅल्क्युलेटर रेडियनवर राहिला असेल तर काहीतरी भलतंच येतं, पण ते लगेच कळतं. दुसरी चूक गुपचूप होते: लंडन शून्य रेखांशाच्या पश्चिमेला आहे, म्हणून फरक काढताना ०.४५ मिळवायचे असतात, वजा करायचे नसतात. वजा केले तर साठेक किलोमीटर कमी येतात आणि उत्तर खरंच वाटतं. न्यूयॉर्कच्या बाबतीत हीच चूक हजारो किलोमीटरची होते. तिसरी चूक आपल्याकडच्या बंदरांवर हमखास दिसते. मासेमारीच्या होडीवरचा जीपीएस बहुधा अंश-मिनिटांत वाचन देतो. १९ अंश ५ मिनिटं म्हणजे १९.०५ नव्हे, १९.०८३. मिनिटांना साठने भागायचं.

दर्यावर्दी माणसाला खरं तर किलोमीटरची गरजच नाही. कंसाचं एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, १.८५२ किलोमीटर. ६४.८६ अंशांना साठने गुणलं की ३,८९२ सागरी मैल. वैमानिकही अंतर सागरी मैलांत आणि वेग नॉटमध्येच, म्हणजे ताशी सागरी मैलांतच मोजतात. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातला तांडेल, म्हणजे होडीचा कप्तान, आणि कॉकपिटमधला कॅप्टन या बाबतीत एकाच भाषेत बोलतात.

आता वेळ. लांब पल्ल्याचं मोठं जेट विमान ध्वनीच्या वेगाच्या सुमारे ०.८५ पट वेगाने जातं. ३५ हजार फुटांवर बाहेर उणे ५४ अंश असतात, त्या थंडीत ध्वनीचाच वेग कमी होतो, तेव्हा ०.८५ पट म्हणजे ताशी ९०० किलोमीटर धरायला हरकत नाही. ७,२१२ भागिले ९०० म्हणजे आठ तास. तिकिटावर आठ तास कधीच नसतात, आणि याची कारणं एकावर एक रचलेली आहेत.

पहिलं कारण वारा. उत्तर गोलार्धात मधल्या अक्षांशांवर, नेमक्या विमानांच्या उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो. त्याला जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात त्याचा जोर जास्त. लंडनला जाताना तो समोरून लागतो, परतताना पाठीवर असतो. सबंध वाटेवर सरासरी ताशी ८० किलोमीटर धरले, तर जाताना जमिनीच्या हिशोबाने वेग ८२० आणि येताना ९८०. विमानाचं इंजिन तेच, हवेतला वेगही तोच. होडी ओहोटीबरोबर खाडीबाहेर निघते तेव्हा आणि भरतीच्या आधी ओहोटीवर मात करत आत येते तेव्हा जो फरक पडतो, तोच हा.

दुसरं कारण बंद आकाश. दोऱ्याखालची नावं आठवा. युक्रेनचं आकाश फेब्रुवारी २०२२ पासून नागरी विमानांना बंद आहे. पाकिस्तानने भारतीय कंपन्यांच्या विमानांना एप्रिल २०२५ मध्ये बंदी घातली. त्याआधी २०१९ मध्येही फेब्रुवारीअखेरपासून जुलैपर्यंत ते आकाश बंद होतं. इराणचं आकाश जून २०२५ मध्ये काही दिवस पूर्ण बंद झालं. म्हणून एकाच दिवशी मुंबईहून लंडनला निघालेल्या भारतीय आणि परदेशी कंपन्यांच्या विमानांची वाट वेगळी असू शकते. यात मुंबईकर तसे सुदैवी. मुंबईहून समुद्रावरूनच मस्कतकडे, तिथून इस्तंबूलकडे आणि मग लंडन, अशी वाट मोजली तर ती ७,४५० किलोमीटर भरते. सरळ वाटेपेक्षा २४० किलोमीटर जास्त, वेळेत पंधरा-वीस मिनिटं. पाकिस्तानचं आकाश बंद असताना दिल्लीहून निघणाऱ्या भारतीय कंपनीच्या विमानाला मात्र आधी खाली गुजरातकडे उतरून यावं लागतं, त्याचा वळसा बराच मोठा. लंडनला जायचंय आणि पाकिस्तानचं आकाश बंद आहे, तर कोकणातल्या माणसाने दिल्लीमार्गे स्वस्त तिकीट घेताना दोनदा विचार करावा. पैशांत वाचतं ते तासांत जातं.

तिसरं कारण जमिनीवरचं. तिकिटावर लिहिलेली वेळ हवेतली नसते. विमान गेटवरून मागे ढकललं जातं तिथून ते पलीकडच्या गेटवर चाकांना अडसर लागेपर्यंतची ती वेळ, तिला ब्लॉक टाइम म्हणतात. मुंबईच्या जुन्या विमानतळावरच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्हींवर एकाच वेळी काम चालत नाही. रांगेत थांबणं ठरलेलं. हीथ्रोवर उतरण्याआधी आकाशात घिरट्या घालत थांबणं तसंच नेहमीचं. चढणं, उतरणं, जमिनीवरचं सरपटणं मिळून ४० मिनिटं धरा.

आता मांडू. जाताना ७,४५० भागिले ८२० म्हणजे ९ तास ५ मिनिटं, अधिक ४० मिनिटं, पावणेदहा तास. येताना ७,४५० भागिले ९८० म्हणजे ७ तास ३६ मिनिटं, अधिक ४०, सव्वाआठ तास. कंपन्या त्यावर थोडा वेळ राखून वेळापत्रक छापतात, म्हणून परतीचं तिकीट नऊ तासांच्या आसपास दिसतं. "विमान अर्धा तास लवकर उतरलं" ही बातमी व्हॉट्सॲपवर येते ती बऱ्याचदा या राखलेल्या मिनिटांमुळे.

घड्याळाचा हिशोब सोपा आहे, फक्त क्रम चुकवायचा नाही. आधी सगळं भारतीय वेळेत करा, शेवटी एकदाच तिथली वेळ काढा. रात्री अडीचला मुंबईहून निघालं, पावणेदहा तास मिळवले, सव्वाबारा दुपारचे, भारतीय वेळ. जुलैत लंडन साडेचार तास मागे, म्हणून तिथे सकाळचे पावणेआठ. डिसेंबरात साडेपाच तास मागे, म्हणून पावणेसात. ब्रिटनचं घड्याळ मार्चच्या शेवटच्या रविवारी तासभर पुढे जातं आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे येतं. अमेरिकेचं मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी. मधल्या त्या थोड्या आठवड्यांत लंडनमार्गे न्यूयॉर्कला जाणाऱ्यांचं पाठ केलेलं गणित तासाने चुकतं. आखातात ही भानगड नाही: दुबई वर्षभर दीड तास मागे, दोहा, कुवेत, रियाध अडीच तास.

(जाता जाता: आपलं प्रमाण घड्याळ ८२.५ अंश रेखांशाचं, रत्नागिरी ७३.३ वर. एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे सूर्य आपल्याकडे घड्याळापेक्षा ३७ मिनिटं उशिरा चालतो. आपला प्रत्येक दिवस थोडासा दुबईकडे झुकलेला असतो म्हणायचा.)

आता खरा त्रास देणारे पहिले अडीचशे किलोमीटर. रत्नागिरीहून मुंबई विमानतळ सरळ रेषेत २३८ किलोमीटर आहे. रस्त्याने तेच सव्वातीनशेच्या पुढे जातं, कारण वाटेत खाड्या आणि घाट आहेत, आणि रत्नागिरीहून नियमित प्रवासी विमान नाही. म्हणून हिशोब उलटा, विमानाच्या वेळेपासून मागे यायचा.

समजा तिकिटावर १५ तारीख, रात्री ०२:३०. सगळ्यात महाग चूक इथेच होते. हे विमान १५ च्या रात्रीचं नाही, १४ च्या रात्रीचं आहे. पंधराला रात्री जेवून विमानतळावर गेलात तर विमान लंडनला पोचून बरेच तास झालेले असतात. मध्यरात्र ते पहाट या वेळेतल्या प्रत्येक तिकिटाला "आदल्या दिवशी निघणे" असं मोठ्या अक्षरात कागदावर लिहून फ्रिजवर लावा. मुंबईहून लांबची बरीच विमानं याच वेळेत सुटतात.

चेक-इनचा काउंटर आंतरराष्ट्रीय विमानासाठी साधारण तासभर आधी बंद होतो, म्हणजे दीड वाजता. त्यानंतर विमान समोर उभं असलं तरी काही होत नाही. दारावर रात्री अकराला हजर राहायचं धरा, कारण सामान, इमिग्रेशन आणि सुरक्षा या तिन्ही रांगा रात्रीच लांब असतात. आता रस्ता: रत्नागिरी ते सहार सात-आठ तास हा चांगल्या दिवसाचा हिशोब. त्यावर तीन तास राखीव. म्हणजे १४ तारखेला दुपारी बाराच्या आत गाडी निघाली पाहिजे, अकराला निघाली तर उत्तम. गौरी-गणपतीत पाच किंवा सात दिवसांच्या विसर्जनानंतर चाकरमान्यांच्या गाड्या मुंबईकडे वळतात, त्या दोन दिवसांत आणि मे महिन्याच्या शेवटच्या शनिवार-रविवारी हा तीन तासांचा राखीव साठाही पुरत नाही. त्या दिवसांत एक रात्र आधी निघणं हाच हिशोब.

रेल्वे घाटाला चुकवते, पण तिचं दुखणं वेगळं. कोकण रेल्वेवर जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत पावसाळी वेळापत्रक असतं, गाड्या मुद्दाम हळू चालवतात, आणि सुटण्या-पोचण्याच्या वेळाच बदलतात. मे महिन्यात पाहिलेली वेळ जुलैत धरली तर फसगत. जुलै २०२४ मध्ये खेडजवळ दिवाणखवटीला दरड आली तेव्हा मार्ग सुमारे दिवसभर बंद होता. म्हणून पावसाळ्यात विमानाच्याच दिवशीची गाडी घेऊ नये. आदल्या रात्रीची कोकणकन्या घ्यावी, पहाटे ठाण्याला उतरावं, डोंबिवली-ठाण्यात कोणी ना कोणी नातेवाईक असतोच, त्याच्याकडे अंघोळ-जेवण-झोप करून रात्री विमानतळ गाठावा. हा दिवस वाया गेला असं वाटतं. हुकलेल्या तिकिटाची किंमत बघितली की वाटत नाही.

सिंधुदुर्गाचं गणित निराळं. चिपीचा विमानतळ ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झाला, पण तिथली उड्डाणं कधी असतात कधी नसतात, आणि सड्यावर ढग उतरले की आहेत तीही रद्द होतात. चिपीच्या विमानावर लंडनची जोड लावणं म्हणजे जुगार. गोव्यातला मोपा मात्र सावंतवाडी-बांद्याच्या माणसाला घरचा विमानतळ झालाय. जानेवारी २०२३ पासून तिथे प्रवासी विमानं आहेत. तिथून एखाद्या मोठ्या विमानतळावर जाऊन पुढचं विमान धरता येतं. फक्त कोड बघा. मोपाचा जीओएक्स, दाबोळीचा जीओआय, आणि तिकिटाच्या साइटवर दोन्हींना "गोवा"च लिहिलेलं असतं. जाताना मोपा, येताना दाबोळी असं तिकीट निघालं तर गाडी मोपाला उभी आणि माणूस मुरगावात, मधे तास-दीड तासाचा रस्ता. मुंबईतही आता तेच. डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचं विमानतळ चालू झालंय, कोड एनएमआय; जुन्याचा बीओएम. पनवेलला उतरणाऱ्या कोकणवासीयाला नवं विमानतळ हाताशी आहे, पण तुमचं विमान तिथूनच आहे का, हे तिकिटावरच्या तीन अक्षरांवरूनच ठरवा. दोन्हींमधून विमान बदलायचं तिकीट तर घेऊच नका, मधे सगळी मुंबई ओलांडायची असते.

जोडविमानांचं अंतर कसं फुगतं याचं एक उदाहरण कोकणातल्याच घरांतलं. खेड-रत्नागिरीकडच्या कितीतरी कोकणी मुस्लिम कुटुंबांचे पिढ्यानपिढ्यांचे नातेवाईक केपटाउनला आहेत. मुंबई-केपटाउन सरळ अंतर ८,२३० किलोमीटर. दुबईमार्गे गेलं तर १,९२७ अधिक ७,६४०, म्हणजे ९,५७० च्या जवळ. इथिओपियातल्या अदिस अबाबामार्गे ३,८३५ अधिक ५,२३०, म्हणजे ९,०६५. आफ्रिकेमार्गे पाचशे किलोमीटर वाचतात, पण त्याने अर्धा-पाऊण तासच वाचतो, खरा फरक थांबा किती तासांचा यावर पडतो. शिवाय इथिओपिया पीतज्वराचा (यलो फीव्हर) धोका असलेल्या देशांच्या यादीत आहे. विमानतळाबाहेर पडलात तर परतताना भारतात लसीचं कार्ड मागतात, आणि लस किमान दहा दिवस आधी घेतलेली असावी लागते. कुठलंही जोडतिकीट एकाच पीएनआरवर असेल तर पहिलं विमान उशिरा आल्यावर पुढची सोय कंपनी करते. दोन वेगळी तिकिटं असतील तर सामान बाहेर काढून पुन्हा द्यावं लागतं, त्यासाठी कधी व्हिसाही लागतो, आणि हुकलं तर सगळं आपल्या खिशातून.

विमानतळावर कोकणी सामानाने वेळ जातो तो वेगळाच. सुकं खोबरं बॅगेत घालू नका. त्यातल्या तेलामुळे ते आपोआप तापू शकतं, म्हणून विमानवाहतुकीत ते धोकादायक मालाच्या यादीत आहे, आणि चेक-इनच्या बॅगेत सापडलं की बॅग उघडायला बोलावतात. पॉवर बँकही तिथे नको, ती हातातल्या बॅगेत. आईने डब्यात किसून भरलेलं खोबरं शोधायला अख्खी बॅग उपसावी लागते, आणि रात्री एक वाजता मागची रांग काही ऐकून घेत नाही.

सगळं मिळून बघा: रत्नागिरीहून सकाळी अकराला निघालं, रात्री आठला विमानतळ, अडीचला उड्डाण, दुसऱ्या दिवशी भारतीय वेळेने सव्वाबाराला हीथ्रो, इमिग्रेशन आणि सामान आटपून दोन. सत्तावीस तास. ७,४२० भागिले २७ म्हणजे ताशी २७५ किलोमीटर. जेटचं तिकीट काढून.

येताना जुलैत रात्री नऊला लंडनहून निघालं तर नऊ तासांनी तिथले सहा वाजलेले असतात, आपल्याकडचे सकाळचे साडेदहा. दिवसाढवळ्या मुंबईत उतरतो, त्यामुळे घाई नसते. संध्याकाळपर्यंत थांबून रात्रीच्या गाडीने जायचं असेल तर तिकीट काढताना तोच तारखेचा घोळ पुन्हा समोर येतो: तुतारी दादरहून मध्यरात्री बारा वाजून गेल्यावर सुटते. १६ ला सकाळी उतरलात आणि त्याच रात्री निघायचं असेल, तर आरक्षण १७ चं हवं.